मर्चंट नेव्ही की शिपयार्ड?

मित्रा,

मेसेजला उत्तर द्यायला चार दिवस लागले, राग मानू नकोस. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालाय आणि विचारतोयस की मर्चंट नेव्हीत जहाजावर जावं की जहाजं बांधणाऱ्या शिपयार्डात लागावं, आणि ही प्रदूषण न करणारी जहाजं म्हणजे नुसती हवा आहे का. थोडी हवा आहेच. पण काम पण आहे.

व्हिडिओत दिसतात ती अवाढव्य कंटेनर जहाजं चीन, कोरिया, जपान बांधतात, जगातली नव्वद टक्क्यांच्या वर या तिघांकडेच. मिथेनॉलवर चालणारं लॉरा मर्स्क नावाचं कंटेनर जहाज 2023 ला आलं तेही कोरियातूनच. तिथे आपण स्टीलच्या भावात मार खाणार.

आता कोचीन शिपयार्डचं बघ. 2022 मध्ये त्यांनी नॉर्वेच्या आस्को कंपनीला 67 मीटरची दोन बॅटरीवरची जहाजं दिली, ट्रकचे 16 ट्रेलर घ्यायचे आणि ऑस्लोच्या खाडीत मॉस ते हॉर्टन जा-ये करायची, बस. गंमत म्हणजे कोचीहून नॉर्वेला ती स्वतः गेलीच नाहीत, दुसऱ्या मोठ्या जहाजावर बसून गेली 😄 बॅटरी 1,846 युनिटची, तिच्यावर समुद्र कुठला पार होतोय. किलोभर डिझेलमध्ये जवळजवळ 12 युनिट असतात, बॅटरीच्या किलोत पाव युनिट पण नाही. म्हणून लांबच्या फेरीला मिथेनॉल, अमोनिया, हायड्रोजन असलं काहीतरी लागतं, आणि जिथे रोज ह्याच जेट्टीवरून त्याच जेट्टीवर जायचंय तिथे बॅटरी जमते. गोव्यात मांडवी-झुआरीवरचे खनिज वाहणारे बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू बोटी, दुसरं काय करतात? मला विचारशील तर आपल्याकडे खरा चान्स तिथे आहे, पण बार्जवाल्याला आधी चार्जिंग जेट्टी कोण देणार ते सांगावं लागेल.

अशा जहाजात डोकं लागतं ते बॅटरी रूम, तिचं कूलिंग, आग विझवायची सिस्टीम, स्विचबोर्ड, किनाऱ्यावरचं चार्जिंग यात. प्लेट वेल्ड करणारे भरपूर मिळतात, हे सगळं जोडून क्लास सर्व्हेयरसमोर, म्हणजे जहाज नियमात बसतंय का तपासणाऱ्या माणसासमोर, चालवून दाखवणारे मिळत नाहीत. तू तो माणूस हो. पगार कमी असला तरी यार्डात लाग आणि कीलपासून (जहाजाचा तळाचा कणा) सी ट्रायलपर्यंत (समुद्रातली चाचणी) दोन जहाजं पूर्ण बघ. जहाजं तपासून सर्टिफिकेट देणाऱ्या डीएनव्ही या संस्थेचे रूल्स नेटवर फुकट आहेत, बॅटरीचं चॅप्टर वाच, कंटाळवाणं आहे पण वाच. आणि जहाजावर चढवतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नकोस, मी दिले होते, परत मिळाले नाहीत.

सरकारने सप्टेंबर 2025 ला जहाजबांधणीसाठी 69,725 कोटी मंजूर केले, आणि पुढच्याच महिन्यात लंडनला आयएमओमध्ये (जहाजांचे जागतिक नियम ठरवणारी संयुक्त राष्ट्रांची संस्था) कार्बनच्या नियमांवरचं मतदान वर्षभर पुढे ढकललं गेलं. असं खालीवर होत राहणार. म्हणून हाय व्होल्टेजचं काम पक्कं शीक, ते साध्या जहाजावर पण लागतं.

कोचीला इंटरव्ह्यूला गेलास तर वॉटर मेट्रोने, म्हणजे तिथल्या बॅटरीवरच्या प्रवासी बोटींनी फिर, त्या बोटी पण त्याच यार्डाच्या. जेट्टीवर चार्जिंगला किती मिनिटं उभी राहते ते घड्याळ लावून बघ आणि मला कळव.