तेल, काढा, गुटी : तुमचे प्रश्न

या महिन्यात पत्रं भरपूर आलीत आणि निम्मी तरी केसांच्या तेलाचीच आहेत, तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

प्रश्न : ताई, जास्वंदीची फुलं, कढीपत्ता आणि माका खोबरेल तेलात टाकून उकळलं, रंग काय सुंदर हिरवा आला, पण महिन्याच्या आतच तेलाला आंबूस वास यायला लागला आणि बाटलीच्या तळाशी चिकट साका बसला. कुठे बिघडलं? – एक वाचक, कराड

उत्तर : पाणी राहिलं हो तेलात, दुसरं काही नाही. ओल्या पानांत पाणी असतं, ते पूर्ण उडायच्या आत गॅस बंद केला की तेल टिकतच नाही, मग तुम्ही त्यात काहीही घाला. तो सुंदर हिरवा रंग आला ना, तिथेच बहुतेक जण फसतात, रंग आला म्हणजे झालं असं वाटतं, पण रंग लवकर उतरतो आणि पाणी नंतर जातं.

जुनं माप सोपं आहे, वाटलेला पाला एक भाग, तेल चार भाग आणि रस किंवा काढा सोळा भाग. म्हणजे पाव लिटर खोबरेल असेल तर साठेक ग्रॅम वाटण आणि एक लिटर माक्याचा रस. एवढा रस कुठून आणायचा म्हणाल, तर वाळलेला माका घेऊन त्याचा काढा करा, चालतो. हे सगळं जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर ठेवायचं आणि तळाला लागू द्यायचं नाही, अधूनमधून उलथन्याने खरवडत राहायचं. घाई असेल तर त्या दिवशी करूच नका, एका दिवसात तेल पुरं करू नये असं जुने वैद्य सांगतात आणि त्यात तथ्य आहे, रात्री बंद करून सकाळी पुन्हा ठेवलं तरी काही बिघडत नाही.

आता झालं हे ओळखायचं कसं? तळाचा गाळ चिमटीत घेऊन दोन बोटांत वळा. चिखलासारखा बोटाला चिकटला तर अजून वेळ आहे, न चिकटता त्याची वात वळली गेली तर झालं, आणि कडक होऊन चुरा पडला तर जळायच्या वाटेवर आहे, ताबडतोब उतरवा. मग ती वात पेटवून बघा, तडतड आवाज आला की आत पाणी आहे. शेवटी शेवटी तेलावर फेस चढतो, ती खूण तेलाचीच हं, तूप सिद्ध करताना उलटं असतं, तिथे फेस बसला की तूप झालं. कोमट असताना मलमलच्या फडक्यातून गाळायचं आणि उन्हात खडखडीत वाळवलेल्या काचेच्या बाटलीत भरायचं. बाटली धुऊन लगेच तेल ओतणाऱ्या बायका मी पाहिल्यात, एवढी मेहनत करून शेवटच्या मिनिटाला पाणी घालतात.

आणि खरं सांगू का, या तेलाने केस मऊ होतात, डोकं शांत राहतं, मालिशने झोप छान लागते, पण घराण्यातच टक्कल असेल तर माका बिचारा काय करणार.

प्रश्न : माझं बाळ पाच महिन्यांचं आहे. सासूबाई रोज मधात गुटी उगाळून देतात, डॉक्टर म्हणतात काही देऊ नका. मी कुणाचं ऐकू? – एक नवी आई, नाशिक

उत्तर : अगं, मधाच्या बाबतीत डॉक्टरांचंच, आणि यात मधला मार्ग नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा लावायचं नाही, मधात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात, मोठ्यांना ती पचतात पण बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात, बाळ ढिलं पडतं, दूध ओढत नाही. सासूबाईंना हे कसं माहीत असणार, त्यांच्या काळी कुणी सांगितलंच नव्हतं, तेव्हा भांडू नकोस, पुढच्या वेळी त्यांनाच डॉक्टरांकडे सोबत ने.

गुटीचं म्हणशील तर सहा महिने आईचंच दूध, वरचं पाणीसुद्धा नको. गुटीत मुरुडशेंग, हळकुंड, बाळहिरडा, सुंठ असतात तसं जायफळ आणि वेखंडही असतं, आणि ही दोन साधी नाहीत. जायफळ जास्त झालं की बाळ गुंगीत जातं, आपण म्हणतो काय शांत झोपलंय! वेखंडातल्या एका घटकामुळे अमेरिकेत ते 1968 पासून खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी आहे. सहाणेवर मोजून वेढे द्यायचे ही जुन्या बायकांची शिस्त होती, पण तुमच्या घरचा एक वेढा आणि माझ्या घरचा एक वेढा सारखा थोडाच असतो. पोट दुखून बाळ रडत असेल तर बेंबीभोवती पाण्यात कालवलेला हिंग लाव, पायांची सायकल कर. सासूबाईंनाही काहीतरी करायचं असतं, तर मालिश त्यांच्याकडे सोपव. फक्त कापूर घातलेलं तेल बाळाच्या जवळपास नको, कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात.

प्रश्न : अडुळशाचा काढा करायचा आहे, दारात झाड आहे. प्रमाण? – रत्नागिरीचे एक आजोबा

उत्तर : आजोबा, दारात अडुळसा म्हणजे चैन आहे तुमची. खोकल्याच्या सिरपवर ब्रोमहेक्सीन किंवा ॲम्ब्रोक्सॉल वाचलं असेल, ती औषधं अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच पुढे आली. कच्ची पानं कुटून रस निघता निघत नाही, आधी वाफवा किंवा तव्यावर गरम करा मग पिळा. काढाच करायचा तर वाळलेल्या पानांची भरड एक भाग, पाणी सोळा भाग, चौथाई उरेपर्यंत झाकण न ठेवता आटवायचं. काढा रोज ताजा करा, फ्रिजमध्ये आठवड्याचा करून ठेवू नका. मध घालायचा तो कोमट झाल्यावर. चवीला ज्येष्ठमध घालतात पण तुम्हाला बीपी असेल तर नको, रोज घेतलं तर बीपी चढतं. घरात कुणी गरोदर असेल तर तिला अडुळसा अजिबात नाही. आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर काढा बाजूला ठेवून थुंकी तपासून घ्या.

प्रश्न : कोरोनापासून आम्ही घरातले सगळे रोज गुळवेल घेतो, आता व्हॉट्सॲपवर आलंय की लिव्हर खराब होतं. खरं का? – एक कुटुंब, पुणे

उत्तर : अगदीच अफवा नाही. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या काही रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, त्यावर आयुष मंत्रालयाचं म्हणणं आलं की गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल लोक घेतात. वाद संपलेला नाही पण आपल्यापुरतं पाहायचं तर वेल नीट बघा : आपल्या गुळवेलीच्या खोडावर गाठीगाठींचे फोड नसतात आणि तोडल्यावर दुधासारखा चीक येत नाही. त्या दुसरीला दोन्ही असतं. पण मला विचाराल तर बरी असलेली माणसं इतकी वर्षं रोज औषध का घेतायत हा खरा प्रश्न आहे. बंद करा. थायरॉइडचा, संधिवाताचा किंवा शुगरचा त्रास असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातच लावू नये, आणि लघवी गडद पिवळी झाली, भूक मेली तर त्याच दिवशी रक्त तपासा.

प्रश्न : आमच्या बचत गटाचं केसांचं तेल आणि शुगरची पावडर गावात खूप चालते, आता लेबल लावून विकायचंय. – गटाच्या ताई, जि. लातूर

उत्तर : घरी करून शेजारणीला देणं वेगळं आणि लेबल लावून विकणं वेगळं. तेल असो वा औषधी पावडर, बनवून विकायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, आधी जिल्ह्याच्या ऑफिसात जाऊन विचारा, जागा कशी हवी, कोण माणूस हवा ते सांगतील. शुगरच्या पावडरचं मात्र थांबवाच, मधुमेह बरा करतो अशी जाहिरात 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तुमची पावडर घेऊन कुणी गोळ्या बंद केल्या तर? सध्या गटाला पैसे हवेत तर वाळवलेला माका, रिठे, शिकेकाई नुसती निवडून, स्वच्छ करून, सुटी विका. कराडच्या त्या वाचकांसारख्यांना माका हवाच असतो.