गाभण गायीचं खाणं आणि वासराचं पुढचं आयुष्य: जन्माच्या वजनावर जाऊ नका

तुमचा प्रश्न मला असा समजला. बीफच्या गायी त्याच, वळू तोच. पण ज्या तुकडीचे गाभणपणाचे शेवटचे तीन-चार महिने सुक्या निकस चाऱ्यावर गेले, तिची वासरं दूध तोडताना हलकी भरली आणि त्यातल्या कालवडी आता वर्षाच्या वर होऊनही माजावर यायला रडतायत. जन्माची वजनं मात्र दोन्ही तुकड्यांची सारखीच, म्हणून तुम्ही म्हणताय खाण्याचा संबंध नसणार, काहीतरी रक्तातलंच असेल. त्यात वर एकाने सल्ला दिलाय की शेवटी खाणं कमीच ठेवा, वासरू लहान राहतं, गाय विताना अडत नाही. मला दोन्ही पटत नाही, का ते सांगतो, जरा लांबेल.

पहिलं म्हणजे जन्माचं वजन हा फार आंधळा आकडा आहे. गाय साधारण २८३ दिवस गाभण असते आणि वासराच्या वजनातला जवळपास तीन चतुर्थांश भाग शेवटच्या दोन महिन्यांत चढतो, म्हणजे जे वासरू ४० किलोचं जन्मणार ते दोन महिने आधी पोटात जेमतेम १० किलोचं असतं. म्हणून सगळ्यांना वाटतं की आधीच्या काळात काय खायला घातलं त्याने काही बिघडत नाही. पण वजन चढणं वेगळं आणि अवयव घडणं वेगळं. हृदय तीन-साडेतीन आठवड्यांतच ठोके द्यायला लागतं, वार पहिल्या काही महिन्यांतच बसते आणि पुढे सगळी रसद तिच्यातूनच जाते, वासराच्या अंडाशयाची किंवा वृषणाची सुरुवात दोन महिने भरायच्या आत झालेली असते. वासरू मुठीएवढं असताना हे सगळं ठरतंय, आणि तेव्हा त्याला लागणारं अन्न इतकं कमी की आपण त्याची गणतीच करत नाही.

यावर आयर्लंडमधला एक अभ्यास मला नेहमी आठवतो. कालवडींना गाभ राहायच्या थोडं आधीपासून ते गाभणपणाच्या ११० व्या दिवसापर्यंत शरीर टिकवायला जेवढं लागतं त्याच्या फक्त ६० टक्के खायला दिलं, नंतर व्यवस्थित दिलं. वासरं जन्मली तेव्हा वजनात काही फरक नाही, नंतरच्या वाढीतही नाही. पण त्यातल्या मादी वासरांच्या अंडाशयात दिसणाऱ्या फॉलिकल्सची, म्हणजे बीजं वाढवणाऱ्या बारीक पिशव्यांची, संख्या दुसऱ्या गटापेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी कमी निघाली आणि रक्तदाब जास्त निघाला. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही वासरं सारखीच. आता बोला, वजनकाट्याने काय सांगितलं असतं?

मधला काळ, म्हणजे साधारण तिसऱ्या ते सातव्या महिन्याचा, हा मांसासाठी सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका याच काळात गायीकडे सगळ्यात कमी लक्ष असतं कारण ती भाकड असते, आधीचं वासरू तोडलेलं असतं, तिला काय लागतंय असं आपण म्हणतो. स्नायूचे तंतू किती असणार हा आकडा जन्माआधीच पक्का होतो. पहिली थोडी तंतूंची खेप दोन महिन्यांच्या आत तयार होते आणि बाकी बहुतेक सगळे तंतू या मधल्या काळात. जन्मानंतर तंतू जाड होतात, लांब होतात, पण नवीन वाढत नाहीत. आणि पोटातल्या वासराला अन्न कमी पडलं की वाटणी ठरलेली असते, आधी मेंदू, हृदय, यकृत असे जिवाचे अवयव आणि स्नायू सगळ्यात शेवटी. म्हणजे कात्री लागते ती नेमकी आपण ज्यासाठी जनावर पाळतो त्यालाच. मधल्या काळापासूनच चरबीच्या पेशीही बनायला लागतात, मांसाच्या आत जी बारीक जाळीदार चरबी असते, मार्बलिंग म्हणतो ती, तिच्या पेशी गाभणपणाच्या शेवटापासून ते जन्मानंतर साधारण २५० दिवसांपर्यंत बनत राहतात. नंतर फीडलॉटमध्ये, म्हणजे दाण्यावर वजन चढवायच्या गोठ्यात, कितीही दाणा ओतलात तरी ज्या पेशी बनल्याच नाहीत त्या भरणार कशा, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

आता तुमच्या केसवर येतो कारण तुमचा घोळ शेवटच्या तिमाहीतला आहे. यावर सगळ्यात कामाचं काम अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाच्या लोकांनी सँडहिल्स भागातल्या कुरणांवर केलंय. हिवाळ्यात सुक्या कुरणावर चरणाऱ्या गाभण गायींचे दोन गट. एकाला नुसतं कुरण, दुसऱ्याला शेवटच्या तिमाहीत दिवसाला साधारण ०.४५ किलो इतकं ४२ टक्के प्रोटीनचं खाद्य, बाकी सगळं सारखं. २००७ साली आलेल्या निकालात असं दिसलं की कालवडींचं जन्माचं वजन सारखंच, पण दूध तोडताना प्रोटीनवाल्या गायींच्या कालवडी जड. आणि खरी गंमत पुढे आहे, त्या कालवडी स्वतः गाभ राहण्याचं प्रमाण ९३ टक्के विरुद्ध ८० टक्के, आणि व्यायच्या हंगामाच्या पहिल्या २१ दिवसांत व्यालेल्या ७७ टक्के विरुद्ध ४९ टक्के. तुमच्याकडे जे चाललंय ते याच्याशी किती जुळतंय बघा. त्याच कळपाच्या खच्ची केलेल्या गोऱ्ह्यांवर नंतर काम झालं त्यातही प्रोटीनवाल्या गायींच्या गोऱ्ह्यांमध्ये मार्बलिंग चांगलं निघालं आणि फीडलॉटमध्ये आजारपणाचे उपचार कमी लागले.

अजून एक बारकावा, जो लोक सोडून देतात. त्या गायी स्वतः पुढच्या वेळी गाभ राहण्यात दोन्ही गटांत फरक पडला नव्हता. म्हणजे नुसत्या गायीकडे बघून हिशेब केला असता तर प्रोटीनचा खर्च वाया गेला असंच कोणीही म्हटलं असतं. फायदा सगळा पुढच्या पिढीत दिसला, आणि तो दीड-दोन वर्षांनी. माझ्या मते लोक हा खर्च टाळतात त्याचं कारण हेच, पैसे आज जातात आणि फरक दिसतो तेव्हा कोणाला आठवतही नाही की दोन वर्षांमागे चारा कसा होता.

आता "खाणं कमी ठेवा, गाय अडणार नाही" या सल्ल्याबद्दल. हा फार जुना समज आहे आणि मला त्याचा राग येतो, कारण ऐकायला पटणारा आहे. शेवटच्या १०० दिवसांत खाण्यातली एनर्जी तोडण्याचे प्रयोग १९७० च्या दशकापासून झालेत. वासराचं जन्माचं वजन एक-दोन किलोने उतरतं, कधी तेवढंही नाही, आणि अडण्याचं प्रमाण काही कमी होत नाही, कारण उपाशी गायीला कळा द्यायलाच ताकद नसते. वर चीक कमी, वासरू मलूल, जुलाब आणि मर जास्त, आणि गाय परत माजावर यायला उशीर. अडण्याचा इलाज वळू निवडताना करायचा, पहिलारू कालवडीला कमी जन्मवजनाच्या वंशातला वळू द्यायचा. खाण्यावर तो राग काढू नका. उलट टोकही नको हं, फार लठ्ठ गायीच्या जननमार्गाभोवती चरबी साचून तीही अडते.

चिकाचं एवढ्यासाठी सांगतो की गायीच्या वारेतून अँटीबॉडीज वासराकडे जातच नाहीत, वासरू जन्मतं ते त्या बाबतीत कोरंच. जे मिळायचं ते चिकातून, आणि आतडं ते शोषून घेतं फक्त पहिले काही तास, २४ तासांत ते दार बंद. म्हणून जन्माचं वजन लिहून ठेवता तसं हेही लिहा की वासरू किती वेळात उभं राहिलं आणि किती वेळात सडाला लागलं. चांगलं वासरू तासाभरात धडपडत उभं राहतं आणि दोन तासांच्या आत पीत असतं. निकस खाण्यावरच्या गायीचं वासरू बघा, मान टाकून पडतं, ओठाला सड लावला तरी जीभ गुंडाळत नाही, अंग पुसलं तरी थरथर जात नाही, कारण अंगात ऊब तयार करणारी तपकिरी चरबीही शेवटच्या काळातच साठते. वजन ३८ किलो आणि ३८ किलो, कागदावर सारखंच.

मग करायचं काय. आधी गायीची अंगलट, म्हणजे अंगावर मांस-चरबी किती आहे ते, बघायला शिका, १ ते ९ च्या बॉडी स्कोअरवर, १ म्हणजे हाडांचा सापळा आणि ९ म्हणजे फार लठ्ठ. व्यायच्या वेळी मोठी गाय ५ ला आणि पहिलारू ५ ते ६ ला असावी. आणि नुसतं लांबून बघून नाही, केस वाढलेले असले की हडकलेली गायही गोल दिसते. हात लावा. शेवटच्या बरगड्यांवर बोटं सरळ ठेवून हलका दाब द्या, बरगडी लगेच टोचत असेल तर ४ किंवा खाली. पाठीच्या कण्याच्या कडेची हाडं अंगठ्याने चाचपा, एकेक वेगळं मोजता येत असेल तर अजून खाली. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना बोटाखाली थोडं मऊ लागायला हवं. एक स्कोअर म्हणजे मध्यम-मोठ्या गायीत ३५ ते ४५ किलो वजन.

इथे वजनकाटा परत फसवतो. शेवटच्या तिमाहीत वासरू, वार, पाणी मिळून दिवसाला सुमारे अर्धा किलो वाढत असतं. म्हणजे गायीचं वजन तीन महिने "टिकून" असेल तर तुम्ही खूश होऊ नका, ती रोज स्वतःच्या अंगातून अर्धा किलो काढून वासराला देतेय. म्हणून अंगलट भरायची ती दूध तोडल्यावर लगेच, मधल्या काळात, तेव्हा तिची गरज सगळ्यात कमी असते आणि थोड्या खाद्यात अंग धरते. शेवटच्या दोन महिन्यांत पळापळ करून स्कोअर वाढवणं महाग पडतं आणि बहुतेक वेळा जमतही नाही, त्यात वासराने पोटात जागा धरल्यावर गाय खातेही थोडं कमी.

चाऱ्याचं म्हणाल तर टेस्ट करून घ्या, अंदाज नको. पूर्ण पिकून वाळलेल्या गवतात प्रोटीन ७ टक्क्यांच्या खाली गेलं की कोठीपोटातले जंतूच उपाशी राहतात, चारा पचत नाही, पुढे सरकत नाही, आणि गाय पोट भरलेलं असूनही कमी खाते. समोर गंजी आहे पण गाय खंगतेय असं होतं ते यामुळे. मधल्या काळात साधारण ७ आणि शेवटी ८-९ टक्के प्रोटीन हवं, व्याल्यावर अजून वर. अशा चाऱ्यावर आधी दाणा नाही, आधी प्रोटीन द्या, कुठलीही चांगली पेंड चालते. नुसता मका वगैरे स्टार्च भरपूर दिला तर चाऱ्यातला चोथा पचवणारे जंतू अजून मागे पडतात. रोज द्यायला माणूस नसेल तर आठवड्याचा हिस्सा तीन दिवसांत वाटून द्या, प्रोटीनमधला नायट्रोजन लाळेतून परत पोटात फिरत राहतो त्यामुळे गाय मधले दिवस भागवते, नेब्रास्कावाल्यांनीही आठवड्यातून तीनदाच दिलं होतं. (युरियावाल्या खाद्याला हा नियम लावू नका, विषबाधा होईल.)

खनिजांबद्दल थोडक्यात. तांबं वासराच्या यकृतात पोटातच साठवलं जातं कारण दुधात ते फार कमी असतं. सेलेनियम कमी पडलं तर स्नायूंचा पांढरा रोग, मँगनीज कमी तर पाय वाकडे, आयोडीन कमी तर गळ्याला गाठ. अ जीवनसत्त्व हिरव्यात भरपूर, जुन्या वाळक्या चाऱ्यात उडून गेलेलं, तुमच्या गायी महिनोनमहिने त्यावरच होत्या तर त्याची सोय हवीच होती. मात्र सेलेनियम डोळे झाकून जास्त घालू नका, ते विषारी ठरतं, मिश्रण तुमच्या भागातल्या पशुआहारतज्ञाला विचारून ठरवा.

आता आहेत त्या वासरांचं. चांगल्या खाण्याने वजन बरंच भरून निघेल, स्नायूच्या तंतूंची संख्या नाही. कालवडींना लठ्ठ करून माज आणायच्या मागे लागू नका, सगळ्यांना थोड्या दिवसांच्या ठरावीक हंगामात वळू दाखवा, ज्या लवकर गाभ राहतील त्या कळपात ठेवा, उरलेल्या फॅटनिंगला काढा. आणि वळूला किंवा गायींच्या रक्ताला दोष देऊन तो वंशच मोडीत काढायचा जो विचार तुम्ही लिहिलाय तो निदान एक हंगाम थांबवा. त्याच गायी आता परत गाभण असतील ना? त्यांचा आजचा स्कोअर, कितवा महिना आणि चाऱ्याचा रिपोर्ट इथे टाका, मग किती पेंड आणि कधीपासून ते आकड्यात बोलू.