बहात्तर सामने आणि एक कोपर

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मुलगा १८ वर्षांचा, बेसबॉलमध्ये पिचर आहे. जूनमध्ये हायस्कूल संपेल आणि ऑगस्टअखेर तो कॉलेजच्या टीममध्ये दाखल होईल. मधल्या उन्हाळ्यासाठी विस्कॉन्सिनहून नॉर्थवूड्स या कॉलेज खेळाडूंच्या उन्हाळी लीगमधल्या एका टीमची विचारणा आली आहे. घराजवळच्या लीगमध्येही जागा मिळेल. माझ्या मनात मात्र केप कॉड ही कॉलेज खेळाडूंची नावाजलेली उन्हाळी लीग आहे. मी स्वतः मुंबईत क्रिकेटची कांगा लीग खेळलोय. जितके सामने जास्त तितकी तयारी पक्की, असं मला वाटतं. काय करावं?

उत्तर: कांगाचं नाव काढलंत म्हणून तिथूनच सुरुवात करतो. भर पावसाळ्यात, ओल्या विकेटवर खेळलेल्या माणसाला सामन्यांची किंमत वेगळी सांगायला नको. पण कांगाचा सामना रविवारचा, पुढच्या सामन्यापर्यंत आठवडा मोकळा. नॉर्थवूड्समध्ये मेअखेरपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत ७२ सामने असतात. म्हणजे जवळपास रोज एक, वर रात्रीचा बसप्रवास. बॅटिंग करणाऱ्या मुलाला हे मानवेलही. तुमचा मुलगा चेंडू टाकतो, त्यामुळे त्याचा हिशेब कोपराने करायचा.

मेजर लीग (अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल ही राष्ट्रीय संघटना यांनी मिळून ‘पिच स्मार्ट’ नावाच्या मार्गदर्शक सूचना केल्या आहेत. १७-१८ वर्षांच्या मुलाने एका दिवसात १०५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत; ८१ च्या वर गेला तर पुढे चार दिवस विश्रांती. वर्षातून किमान चार महिने सामन्यांत पिचिंग बंद, आणि त्यातले सलग दोन-तीन महिने खांद्यावरून चेंडू फेकणंही पूर्ण बंद, असंही त्यात आहे. आता बोटांवर मोजा. वसंतात शाळेचा सीझन, उन्हाळ्यात लीग, सप्टेंबरपासून कॉलेजचा सराव. हे चार महिने बसवायचे कुठे? माझ्याकडे आलेला एक मुलगा असाच जूनपासून ऑगस्टपर्यंत खेळला. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात तो डाव्या हाताने दप्तर उचलत होता. उजवा हात बर्फाच्या पिशवीत.

केप कॉडचं म्हणाल, तर मॅसॅच्युसेट्सच्या त्या दहा टीम बहुतेक कॉलेजात किमान एक वर्ष खेळलेली मुलं घेतात. शाळेतून थेट जाणाऱ्याला जागा मिळणं विरळाच. मिळाली तरी ती बहुधा तात्पुरती. ओमाहाची कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेजांची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा, संपली, तिथले पिचर आले, की पाहुणा घरी. दोन वर्षांनी विचार करा, तेव्हा कोचच नाव पुढे करेल. घाईही नाही. चार वर्षांच्या कॉलेजातला खेळाडू तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा २१ चा होईपर्यंत ड्राफ्टला, म्हणजे मेजर लीगच्या टीम नवे खेळाडू निवडतात त्या निवडीला, पात्रच होत नाही.

विस्कॉन्सिनची आणखी एक अडचण तुमच्या पत्रातच आहे. सीझन सुरू होईल तेव्हा मुलगा अजून वर्गात बसलेला असेल.

माझा कौल घराजवळच्या लीगला. पण तिथे लाकडी बॅट आहे ना, ते आधी विचारा. शाळेत आणि कॉलेजात धातूची बॅट चालते. तिच्यावर आतला, हाताजवळचा चेंडू बसला तरी कधीकधी चेंडू मोकळ्या जागेत पडून बॅटर पहिल्या बेसवर पोचतो. त्या धास्तीने पोरं सगळं बाहेरच टाकतात. लाकडाची बॅट त्याच चेंडूवर मुठीपाशी कडकन मोडते. हा आवाज दोन-चारदा कानावर पडला की मुलगा आत टाकायला धजावतो, आणि कॉलेजला जाताना ते त्याच्याबरोबर जातं. आठवड्यातून एकदा तीन-चार इनिंग (बेसबॉलची इनिंग छोटी, प्रत्येक टीमचे तीन बाद होईपर्यंतची), तीही जुलैपर्यंतच. घरचं जेवण, स्वतःची गादी हेही कमी नाही. काही लीग खेळाडूंकडून फी घेतात, तेवढी चौकशी करून ठेवा.

हे सगळं ठरवण्याआधी कॉलेजच्या पिचिंग कोचला विचारायला हवं, ते पत्रात कुठेच दिसलं नाही. उन्हाळ्यात कोणी कुठे खेळायचं हे बहुतेक ठिकाणी कोचच ठरवतात. काहींना नवा मुलगा उन्हाळ्यात जिममध्येच हवा असतो, मैदानात नको. मुलाला याच आठवड्यात ईमेल लिहू द्या: शाळेच्या सीझनमध्ये किती इनिंग टाकणार, हातात दुखणं आहे का, उन्हाळ्यात किती टाकू. ईमेल त्यानेच लिहायची. तुम्ही सीसीमध्येसुद्धा नको.