बीपी १७०/११० असताना सिझरला पूर्ण भूल देणं जिवावरचं नाही का?

तुम्ही लिहिलंय की बहिणीला आठवा महिना चालू आहे, बीपी १७०/११०, प्लेटलेट ५२ हजार, आणि डॉक्टर पूर्ण भूल देऊन सिझर करू म्हणतात. गावात मात्र सगळे सांगतात, कमरेतलं इंजेक्शनच बरं. मी विदर्भात एका तालुक्याच्या दवाखान्यात भूल देतो, म्हणून उत्तर देतोय.

गावातले चुकत नाहीत. वाढलेल्या बीपीच्या बाईला एरवी मीही कमरेतूनच भूल देतो. पण प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, इतक्या कमी असताना मणक्यात सुईने रक्त साचलं तर ते मज्जारज्जूवर दाबतं, आणि पायांतली ताकद कायमची जाऊ शकते. साधारण ७० हजारांच्या खाली आम्ही सहसा ती जोखीम घेत नाही. झटके येऊन बाई शुद्धीवर नसेल, तरी पूर्ण भूलच द्यावी लागते.

पूर्ण भुलीत मला सगळ्यात जास्त धास्ती असते ती श्वासनळीत नळी घालतानाच्या अर्ध्या मिनिटाची. बाई झोपलेली असते, तरी नळीसाठी वाट दाखवणारं पातं घशात गेलं की शरीर उसळी घेतं आणि १७० चं बीपी बघता बघता २०० पार जाऊ शकतं. मेंदूतली नस फुटायची भीती तेव्हाच. म्हणून आधी शिरेतून लॅबेटॅलॉल हे बीपी उतरवायचं औषध देऊन वरचा आकडा १६० च्या खाली, शक्यतो १४०-१५० पर्यंत आणायचा. एकदम फार खाली ओढायचा नाही, कारण वारेतून बाळाला रक्त त्याच दाबावर जातं. ही उसळी दाबायला नळी घालण्याच्या जरा आधी फेंटॅनिलसारखं वेदना मारणारं औषध दिलं तर बाळ थोडं सुस्त निघू शकतं. ते बाळाच्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवतो. केटामिन या भुलीच्या औषधाने बीपी चढतं, म्हणून ते टाळतो. रक्तस्राव थांबवायचं मेथर्जिनही याच कारणाने नको, ऑक्सिटोसिन चालतं.

मागच्या कापूस वेचणीत एक बाई रात्री १०८ मधून आली. पायांवरची सूज घरच्यांना वेचणीची वाटली होती. जोडवी इतकी रुतलेली की सिस्टरने कापून काढली. नाव विचारलं तर आवाज घोगरा. तिथेच मी सावध झालो, सूज घशातही होती. तीन मापांच्या नळ्या काढून ठेवल्या. बाहेर सासू म्हणत होती, "साहेब, लवकर करा ना, टाइम कायले लावता?" आत दर मिनिटाला बीपीचा पट्टा फुगत होता. १८२. १७४. १६४. १५२. बाळाचे ठोके चांगले होते, म्हणून तेवढी मिनिटं मिळाली. साडेसहाची नळी अडली, सहाची गेली. बीपी १६८ वर जाऊन खाली आलं. बाळ रडल्याचा आवाज आला तेव्हा माझा हात अजून तिच्या नाडीवरच होता.

नळी काढतानाही बीपी तसंच उसळतं, त्यामुळे तेव्हाही औषध हाताशी लागतं. झटके येऊ नयेत म्हणून दिलेल्या मॅग्नेशियममुळे स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर लांबतो. ऑपरेशन झाल्यावर बहिणीला बाहेर आणायला वेळ लागला तर घाबरू नका. ताकद पूर्ण परत आल्याशिवाय नळी काढायची नसते.

बहिणीला दमा असेल तर आत्ताच सांगा. दम्यात लॅबेटॅलॉल देत नाहीत, दुसरं औषध निवडावं लागतं. शेवटचं कधी खाल्लं तेही खरं सांगा, चहा-बिस्कीटसुद्धा. आणि टाके चांगले दिसतात म्हणून सुट्टीचा आग्रह धरू नका. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी पुन्हा चढू शकतं. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा दम लागला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सिस्टरला उठवा.