आजीची पाटी लिहू की नको?

प्रश्न: आजीला जाऊन वर्ष होईल. वर्षश्राद्धाला सगळे मालवणात जमणार, तेव्हा तिच्याबद्दल चार पानं लिहून वाच, असं घरच्यांनी सांगितलंय. आजोबा मुंबईत गिरणीत होते. गिरणी संपाच्या वर्षी आजीने पाटी, म्हणजे मासळीची टोपली, उचलली आणि पुढे कितीतरी वर्षं सुकी मासळी विकली. काका (कोयनेच्या भूकंपात ते पाळण्यात होते) म्हणतात, "ते पाटीबिटीचं नको. माउली होती, घरासाठी झिजली, एवढं पुरे." काय करू?
– एक नात, डोंबिवली

उत्तर: पोरी, 'माउली' आणि 'झिजली' हे शब्द कुणाच्याही आजीला चिकटतात. तुझी आजी त्या पाटीत आहे.

संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ला. गिरणगावातले पगार थांबले आणि इकडे कोकणात पोस्टमन मनीऑर्डर न घेताच दारावरून पुढे जाऊ लागला. संपाबद्दल लिहिणारे मोर्च्यांवर पानंच्या पानं लिहितात, पण त्या पोस्टमनकडे बघत ओटीवर उभ्या राहिलेल्या बाईवर कुणी फारसं लिहीत नाही. तू लिही.

आता काका. कोयनेच्या भूकंपात ते पाळण्यात होते, असं तू लिहितेस. म्हणजे १९६७चा डिसेंबर. (शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल, त्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस तोच!) संपाच्या वेळी ते चौदा वर्षांचे. आई बाजारात सुकटीचे वाटे लावून बसलेली आणि वर्गातली पोरं त्याच रस्त्याने जाणारी. माझा आपला अंदाज, तेव्हा त्यांनी कधीतरी मान फिरवली असेल आणि ते अजून सलत असेल. म्हणून लेख तयार करून त्यांच्यापुढे टाकू नकोस. आधी शेजारी बसून एवढंच विचार, "काका, पाटी आजीच्या डोक्यावर कोण चढवून द्यायचं?" मग गप्प राहा. ते बोलतील.

बोलू लागले की बारीकसारीक विचारून घे. खारे बांगडे अंगणात वाळत असताना कावळे कोण राखायचं? आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागायच्या, आधी केवढी धांदल असायची? पावसात होड्या वर ओढलेल्या, नारळी पौर्णिमेपर्यंत ताजं म्हावरं दुर्मीळ, तेव्हा घरोघरी बेगमीचं सुकंच चुलीवर चढायचं. म्हणजे मे महिना तिच्या कमाईचा. तिला लिहिता येत नव्हतं, तर उधारी ध्यानात कशी ठेवायची? आणि ती जे बोलायची ते मालवणीतच ठेव, पुस्तकी मराठीत आणलंस तर ती आजी राहणार नाही.

इतकं करूनही काका नकोच म्हणाले, तर त्या दिवशी वाचू नकोस. आई त्यांची होती. पण लिहून ठेव, आणि एक प्रत त्यांच्या हातात दे, एकट्याने वाचायला.

आणि हो, वाट्याचा भाव काकांना आठवणार नाही. तो आत्याला विचार.