कचेरीची पायरी: टेक्सासची रायफल आणि सत्तरीची बंदूक

प्रश्न : माझा मुलगा टेक्सासमध्ये एच-वन-बी व्हिसावर नोकरीला आहे. तिथल्या एका मित्राच्या नादाने तो घरच्या घरी सुटे भाग जोडून आखूड नळीची रायफल करायची म्हणतो. “आई, सगळं कायदेशीर आहे. एक फॉर्म भरून नोंदणी करायची, आणि आता तर फीसुद्धा माफ झाली,” असं सांगतो. मित्र तिथलाच नागरिक आहे. कागद नक्की कोणते लागतात? उद्या तो कायमचा गोव्यात परतला तर ही वस्तू इकडे आणता येईल का? — एक आई, फोंडा

उत्तर : ताई, मुलगा खोटं बोलत नाही. फॉर्म आहे, टेक्सास राज्याची आडकाठी नाही, आणि फी माफ झाली हेही खरं. फक्त त्याने तुम्हाला सोयीचं तेवढं सांगितलं.

जन्मभर मामलेदार कचेरीत अर्ज तपासले, त्यामुळे कुठलाही फॉर्म हातात आला की मी नाव-पत्ता सोडून आधी ‘होय / नाही’चे रकाने वाचतो. अर्ज तरतो किंवा बुडतो तो तिथेच. अमेरिकेत बंदुकांच्या नोंदणीचं काम बघणाऱ्या ए.टी.एफ. खात्याचा हा ‘फॉर्म १’ मी तसाच वाचला. त्यात सरळ विचारलंय, अर्जदार नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी नसलेल्या, व्हिसावर देशात आला आहे का? एच-वन-बी हा तसलाच व्हिसा. तिथल्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक सोडाच, काडतूसही जवळ बाळगायचं नाही. आखूड नळी, लांब नळी हा पुढचा प्रश्न.

याला पळवाट म्हणा, सवलत म्हणा, एक आहे. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा रीतसर दिलेला, चालू मुदतीचा शिकारीचा परवाना हातात असेल तर ही बंदी लागत नाही. मात्र त्याची प्रत अर्जाला जोडावी लागते. ग्रीन कार्ड मिळालेल्याला ही भानगड नाही. तेव्हा आज रात्री फोन आला की रायफलीबद्दल काही बोलू नका, एवढंच विचारा, “शिकारीचा परवाना काढलास का? मुदत कधी संपते?” उत्तर द्यायला तो अडखळला तर विषय तिथेच मिटवायला सांगा. या शिकारीच्या परवान्याशिवाय बंदूक बाळगल्याचा गुन्हा १५ वर्षांपर्यंतच्या कैदेचा आहे, आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढता येतं. सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक हातात घेणं हेसुद्धा याच बंदीत येतं. आपली कितीतरी पोरं फोटो काढून वर टाकतात. असो.

“मित्राच्या नावावर करू” हा तोडगा तो सुचवेलच. पण नोंदणी ज्याच्या नावावर, वस्तू त्याच्याच ताब्यात राहायला हवी. मित्र गावाला गेला आणि रायफल तुमच्या मुलाच्या कपाटात राहिली, तर ती मुलाच्या हातात बिननोंदणीचीच. त्या गुन्ह्याला १० वर्षांपर्यंत कैद आहे. काही लोक ट्रस्ट करून त्यात चार नावं घालतात आणि नोंदणी ट्रस्टच्या नावावर करतात; पण २०१६च्या नियमापासून अशा प्रत्येक जबाबदार माणसाला आपापले ठसे, फोटो आणि प्रश्नावली द्यावी लागते. म्हणजे मुलगा फिरून त्याच रकान्यापाशी येणार.

आता शिकारीचा परवाना आहे असं धरून चालू आणि कागदांकडे वळू.

खांद्याला दस्ता लावून झाडायची, नळीला आतून आटे असलेली बंदूक म्हणजे रायफल. तिची नळी १६ इंचांहून कमी, किंवा सगळी मिळून लांबी २६ इंचांहून कमी भरली की ती नोंदणीच्या कायद्यात येते. माप कसं घेतात तेही सांगतो, कारण चूक तिथेच होते. रिकाम्या बंदुकीचा बोल्ट (नळीचं मागचं तोंड मिटवणारा भाग) बंद करायचा, तोंडाकडून नळीत सरळ काठी बोल्टला टेकेपर्यंत घालायची, नळीच्या तोंडाशी खूण करायची आणि ती काठी बाहेर काढून मोजायची. नळीच्या टोकाला नुसता आट्यांवर फिरवून बसवलेला तुकडा लांबीत धरत नाहीत. कायमचा जोडलेला असेल तरच धरतात.

हा कायदा १९३४चा. दारूबंदीच्या काळातल्या टोळ्यांच्या गोळीबारानंतर आणला. मूळ मसुद्यात पिस्तुलंही होती, आणि लोकांनी लांब बंदूक कापून पिस्तुलासारखी लपवू नये म्हणून आखूड नळीच्या बंदुकाही घातल्या. पुढे पिस्तुलं वगळली, आखूड नळी मात्र तशीच राहिली. सुरुवातीला रायफलीला हद्द १८ इंचांची होती, १९६०मध्ये ती १६वर आली. कर २०० डॉलर ठरवला, तेव्हा ती रक्कम सामान्य माणसाला परवडणारीच नव्हती. पुढे नव्वदहून अधिक वर्षं आकडा तोच राहिला. १ जानेवारी २०२६पासून आखूड नळीच्या रायफलीवरचा तो कर शून्य झाला. मुलाचा घोळ इथे होतोय. कर गेला, नोंदणी गेलेली नाही. ठसे, फोटो, तपासणी, मंजुरी सगळं जिथल्या तिथे आहे.

अर्जासोबत दहाही बोटांच्या ठशांची दोन कार्डं आणि अलीकडचा दोन इंची चौकोनी फोटो लागतो. अर्जाची एक प्रत स्थानिक शेरीफ किंवा पोलीसप्रमुखाला पाठवायची. पूर्वी या साहेबाची सही मिळवावी लागे, आता नुसती माहिती द्यायची. रायफलीचा नंबर, नळीची लांबी, एकूण लांबी, काडतुसाचा प्रकार हे सगळं अर्जात लिहायचं, वस्तू अजून झालेली नसताना. ‘ही का बनवायची आहे’ असाही रकाना आहे, आणि त्यात लोक सर्रास ‘सर्व कायदेशीर कामांसाठी’ एवढंच लिहितात. आमच्या कचेरीत असलं उत्तर आलं असतं तर अर्ज परत गेला असता, तिकडे चालतं.

आधी मंजुरी, मग जोडणी, हा क्रम कुठल्याही कारणाने उलटा करायचा नाही. आखूड नळी आणि रायफलीचे बाकीचे भाग घरात आणून ठेवले, आणि त्यांतून दुसरं कायदेशीर असं काहीच जोडता येत नसेल, तर जोडणी न करताही माणूस अडकू शकतो.

मंजुरी आली की धातूच्या मुख्य सांगाड्यावर कोरकाम करायचं : बनवणाऱ्याचं नाव, शहर, राज्य. विकत घेतलेल्या सांगाड्यावर कारखान्याचा नंबर असतोच, तोच ठेवायचा; सांगाडाही घरीच केला असेल तर नंबर आपण द्यायचा. अक्षरांची खोली किमान ०.००३ इंच, नंबराच्या अक्षराची उंची किमान एक-षोडशांश इंच. साध्या पेनने खरवडून हे होत नाही, म्हणून बहुतेक जण कोरणाऱ्या दुकानातून करून घेतात. मंजूर फॉर्मची प्रत कायम जवळ ठेवायची. दुसऱ्या राज्यात न्यायची तर आधी वेगळी परवानगी, आणि कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीसारख्या राज्यांत न्यायचीच नाही. तिथे ती बाळगायला मुळात बंदी आहे. उद्या नोकरी बदलून तो तिकडे गेला तर रायफलीचं काय, हेही त्याला आजच विचारा.

गोव्यात आणायचं मनातून काढून टाका. आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्यात कलम १०प्रमाणे आयातीला स्वतंत्र परवाना लागतो. घरी बंदूक बनवून मग नोंदवायची अशी सोयच आपल्याकडे नाही. कलम ५प्रमाणे परवान्याशिवाय बनवणं हाच गुन्हा, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप आहे. तिकडचा मंजूर फॉर्म दाबोळीच्या विमानतळावर दाखवा की मोपाच्या, कस्टमवाल्याच्या लेखी त्याला किंमत नाही.

प्रश्न : आमच्या काजूच्या बागेत रानडुकरं आणि खेती (माकडं) फार त्रास देतात. आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक घरात आहे, परवाना वडिलांच्या नावावर. नळी लांब असल्याने झाडीत अडकते. गावचा लोहार वीतभर कापून देतो म्हणतो. परवान्यावर लांबी बदलून मिळेल का? वडील गेल्या पावसाळ्यात वारले. — बागायतदार, वाळपई (सत्तरी तालुका)

उत्तर : बाब, तुमचं शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण सगळा प्रश्न त्यातच आहे. वडील गेले तेव्हाच त्यांचा परवानाही संपला. आज ती बंदूक तुमच्या घरात विनापरवाना आहे, कापलेली असो वा नसो. कलम २१प्रमाणे अशी बंदूक विलंब न लावता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. नळीचं मग बघू.

तेही सांगूनच टाकतो. नळी आखूड करायला कलम ६प्रमाणे वेगळा परवाना लागतो, आणि शिक्षा वर सांगितली तीच. लोहाराला तर साधी दुरुस्तीही परवान्याशिवाय करता येत नाही. तो बिचारा ओळखीखातर करून देईल आणि दोघेही जाल. शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीला परवाना मिळण्याची सोय कायद्यातच आहे. ठासणीची पुरत नाही असं जिल्हाधिकाऱ्यांना पटलं तर आटे नसलेली दुसरी बंदूकही मागता येते. तो सरळ मार्ग सोडून करवतीकडे कशाला जाता? आणि परवाना मिळाला म्हणजे डुक्कर मारायची मुभा मिळाली असं नव्हे. वन्यजीव कायदा वेगळा, त्याची परवानगी वनखात्याकडून.

वारस म्हणून नव्या परवान्यासाठी अर्ज पणजीला जिल्हाधिकारी कचेरीत करा. मृत्यूचा दाखला, वडिलांचा मूळ परवाना, आरोग्याचा दाखला, बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी आणि बाकीच्या वारसांची लेखी संमती. बाकीचे वारस म्हटलं की आपले लोक भावांच्या सह्या घेऊन येतात. गोव्यात लग्न होऊन गेलेल्या बहिणींचा वाटा सारखाच, त्यांच्याही सह्या लागतील. एक बहीण मुंबईला आहे म्हणून वर्षवर्ष लोळत पडलेले अर्ज मी पाहिले आहेत.

बंदूक जमा करायला जाण्याआधी वाळपई पोलीस ठाण्यात फोन करून सांगा. भरलेली नाही याची खात्री करून मगच न्या. पावती घेतल्याशिवाय उठू नका, आणि पावतीवरचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी तिथेच ताडून पाहा. जुन्या बंदुकांवरचे आकडे झिजलेले असतात, ३चा ८ वाचला जातो, आणि पुढे आपलीच वस्तू सोडवायला प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं.