शब्द पाठ करू नका, वस्तूला चिकटवा

दादा, रोज पन्नास इंग्रजी शब्दांचं पाठांतर आधी थांबवा. लातूरला शिकत असताना मीही वह्याच्या वह्या भरल्या होत्या. बोलायची वेळ आली की एकही शब्द ओठावर येत नसे. रोज पाचच घ्या, पण डोळ्यांसमोरच्या वस्तूंचे.

ज्वारीची भाकरीच बघा. तव्यावरून उतरली की 'सॉफ्ट', शिळी झाली की 'स्टेल', कडक भाजलेली 'क्रिस्प'. ठेचा 'स्पायसी'; नुसतं 'हॉट' म्हणालात तर गरम की तिखट, हे समोरच्याला कळायचं नाही. मे महिन्यातली परभणीची हवा 'ड्राय', आणि त्या उन्हातून आल्यावर कोरडा पडलेला घसा 'पार्च्ड'. असे शब्द विसरत नाहीत, कारण ते अंगावर आलेले असतात.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- 'आय अ‍ॅम बोअरिंग' म्हणजे मीच कंटाळवाणा आहे. कंटाळा आला असेल तर 'बोअर्ड'.
- 'चीप'मध्ये हलक्या दर्जाचा वास येतो. कुणाच्या साडीला तर म्हणूच नका, 'इनएक्स्पेन्सिव्ह' म्हणा.
- नुसता अर्थ लिहून ठेवणं. शेजारी स्वतःचं एक वाक्य हवंच.

समानार्थी शब्दांच्या लांबलचक याद्या सध्या राहू द्या. आज रात्री ताटातल्या पाच पदार्थांना एकेक शब्द लावा आणि मला कळवा. चुकलं तरी चालेल, मी आहे.